माळवाकडीचं उत्तर

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निळकंठ उपळेकर स्वतःला सांगत आले होते. पण राहून जाणं वेगळं आणि न देणं वेगळं, हेही त्यांना एकोणतीस वर्षं ठाऊक होतं.

पत्र म्हणजे जोडकार्ड होतं. टपालखात्यानं साधी कार्डंसुद्धा छापायची बंद केल्यापासून जोडकार्ड म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागतं. एकमेकांना चिकटलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं आणि दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं सोडायचं. ज्याला पत्र मिळेल त्यानं कोरा भाग फाडून घ्यायचा, चार ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचा. तिकिटाचीसुद्धा तोशीस नाही. म्हणजे उत्तर न देणाऱ्याला सबब म्हणून उरतच नाही.

चौथीपर्यंत शिकलेल्या टपोऱ्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं :

‘उपळेकर साहेबांस तानूबाई बंडगर, कोळेवस्ती, हिचा नमस्कार. मागच्या साली शेतकरी मेळाव्यात तुमच्या हातात माळवाकडी ज्वारीच्या बियांची पुरचुंडी दिली होती. ती उगवली का? कशी आली? आमच्या माळावर ती चांगली येते. काळ्या रानात कशी येते ते आम्हास माहीत नाही म्हणून विचारते. दुसरे काही मागणे नाही. उत्तराचे कार्ड जोडले आहे.’

उपळेकरांनी ते कार्ड फाडलं नाही की टाकलंही नाही. ते त्याची पुस्तकात खूण ठेवत. एक पुस्तक संपलं की कार्ड दुसऱ्यात जाई. असं करत करत शेकडो पुस्तकं त्या कोऱ्या अर्ध्या कार्डानं त्यांच्याबरोबर वाचली होती. ज्या ज्वारी संशोधन केंद्रातून ते निवृत्त झाले, त्याच्याच मागच्या फाटकासमोर दोन खोल्यांत ते एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. म्हणजे एकदा केंद्रातल्या एका बाईंशी बोलायचं ठरवलं होतं, पण आज-उद्या करता करता त्यांची बदली झाली. त्यामुळे घरात रोज हाताला लागणारं, दुसऱ्या कुणी लिहिलेलं म्हणावं असं एवढंच एक पत्र होतं.

जानेवारीच्या एका दुपारी फोन वाजला.

“सर, शबनम बोलतेय. चहाला या. आणि चष्मा घेऊन या, जवळचाही आणि लांबचाही.”

डॉ. शबनम मुजावर एके काळी त्यांची विद्यार्थिनी होती, आता केंद्राची प्रमुख. चहा राहिलाच. ती त्यांना थेट रानात घेऊन गेली.

रान आडवं झालं होतं. डोक्याइतकी वाढलेली ज्वारी, दाण्यात दूध भरायच्या ऐन वेळी, बुंध्यात मोडून पडली होती. मधूनच एखादं ताट उभं होतं आणि वाऱ्यानं वाळक्या पानांचा खडखड आवाज होत होता. याच आवाजावरून शेतकऱ्यांनी या रोगाला खडखड्या म्हटलं. मातीतली एक बुरशी मुळांतून खोडात शिरते आणि आतला गर खाऊन टाकते. रोग जुनाच. पण गेल्या दोन वर्षांत त्या बुरशीचं असं एक रूप पुढं आलं होतं की, ते एका रानात शिरलं की आठवड्यात रान झोपत होतं.

“एकूण एक?” उपळेकरांनी विचारलं.

“एकूण एक. एक पडली तर बाकीच्यांनी उभं कशाच्या जोरावर राहायचं, सर? सगळ्या मिळून एकच तर आहे.”

हे तिनं अलंकारिक म्हटलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्याच चमूनं बाहेर काढलेल्या या ज्वारीला कागदोपत्री लांबलचक क्रमांक होता, पण शेतकऱ्यांनी तिचं नाव ठेवलं जोगीण, कारण ती लग्न करत नाही.

एरवीचा हिशेब असा, की बीज तयार होताना आई आपले निम्मेच गुण देते, उरलेले निम्मे परागकणातून बापाकडून येतात आणि प्रत्येक दाणा थोडा वेगळा निपजतो. संकरित बियाणं पहिल्या वर्षी जोमदार येतं, पण त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं की पोरं दहा तोंडांची दहा होतात आणि जोम पांगतो. म्हणून दर वर्षी नवं बी विकत घ्यायचं. शबनमच्या चमूनं तीन जनुकांत एवढासा बदल केला. त्यामुळे बीजांडातली निम्मं होण्याची पायरीच गळाली. बीजांड आईचे सगळे गुण घेऊन, बापाची वाट न बघता, आपलं आपणच रुजायला लागलं. मुलगी म्हणजे हुबेहूब आई, नात म्हणजे हुबेहूब आजी. जोम टिकला तो कायमचा. बी घरचंच वापरा, जन्मभर वापरा.

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि घेण्यासारखीच होती ती. पण एक गोष्ट हळूच घडली. पूर्वी बायका खळ्यावर चांगली कणसं निवडून आढ्याला टांगायच्या, एकमेकींकडे बी मागायला जायच्या, माहेरहून येताना पदरात नवं बी बांधून आणायच्या. जोगीण आली आणि कुणाला कुणाकडे जायचं कारण उरलं नाही. घरोघरच्या मडक्यांतली जुनी बियाणी दळून भाकरीत गेली. भीमेपासून माणदेशापर्यंत लाखो एकरांवर एकच झाड उभं राहिलं, आणि त्या एकाच झाडाला आता रोग लागला होता.

“आत चला,” शबनम म्हणाली. “खरं दाखवायचं आहे ते आत आहे.”

पडद्यावर जोगिणीची गुणसूत्रं रंगीत पट्ट्यांसारखी मांडलेली होती. कुठला तुकडा कुठल्या पूर्वजाकडून आला, त्याप्रमाणे रंग. जोगिणीची आई म्हणजे सोनसळ, उपळेकरांनी पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला वाण. त्यांच्या आयुष्यातलं लोकांनी नाव घेतलेलं एकमेव काम.

“हा पहारेकरी.” तिनं एका पट्टीवर बोट ठेवलं. “बुरशी खोडात शिरली की हे जनुक तिला ओळखतं. आपल्या जोगिणीत ते आहे. पण ओळखून ओरडायचं काम शेजारच्या जनुकाचं असतं, आणि ते इथं नाही. मधेच तुटलंय. म्हणजे चोर दिसतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. ज्या झाडाकडून हा तुकडा आला, त्याच्याकडे जोडी शाबूत असणार.”

“मग ते झाड घ्या.”

“तेच तर! हा तुकडा सोनसळमधून आला. पण सोनसळच्या नोंदीतली आई बघितली, तिच्यात नाही. बाप बघितला, त्याच्यातही नाही. बियाण्यांच्या कोठारातले चाळीस हजार नमुने चाळले, कुठंच नाही. यंत्र काय म्हणतं बघा.”

पट्टीचा तो तुकडा करडा होता. खाली दोन शब्द होते : बाप अज्ञात.

“सर, हा संकर तुमच्या हातचा. काही आठवतं?”

उपळेकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भिंतीला टेकवून ठेवलेली एक पितळी पाटी त्यांना दिसली. ‘डॉ. निळकंठ उपळेकर वाचनकक्ष’. केंद्राच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव द्यायचा ठराव झाला होता. सत्कार, शाल, नारळ यांचं त्यांना काही वाटत नसे. पण या पाटीचं वाटलं होतं. तीन वेळा काही ना काही निमित्त काढून ते ती बघून गेले होते.

“फार जुनी गोष्ट झाली,” ते म्हणाले. “बघतो.”

“लवकर बघा. अजून कुणाच्या रानात ते झाड असलंच, तर महिनाभरात कापणी होईल. पुढच्या साली ते असेल की नाही, कोण सांगणार?”

घरी आल्यावर बघायचं काही नव्हतं. सगळं दिसतच होतं.

डिसेंबरातली सकाळ. ज्वारीच्या कणसात नर आणि मादी एकाच फुलात नांदतात, त्यामुळे संकर करायचा तर आदल्या दिवशी चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, कणसाला कागदी पिशवी घालायची आणि सकाळी पिशवी काढून हव्या त्या बापाचे परागकण वर झटकायचे. मग लगेच पुन्हा पिशवी आणि तिच्यावर पेन्सिलीनं लेबल. मधला वेळ मिनिटाचाही नको. उघड्या कणसावर वारा कुणाचेही परागकण आणून टाकतो. हा पहिल्या दिवशी शिकवायचा धडा.

त्या सकाळी त्यांनी पिशवी काढली आणि परागकण आणायला वळले, तेव्हा बांधावर त्यांचं पुस्तक पडलं होतं. शेवटची अकरा पानं राहिली होती. कोवळं ऊन होतं, रानात चिटपाखरू नव्हतं. दोन पानं वाचू म्हणून ते टेकले आणि अकराही वाचून उठले. तोवर अर्धा तास उलटला होता. वाऱ्याच्या अंगाला, रानाच्या कडेला, माळवाकडीच्या दोन ओळी फुलल्या होत्या. मेळाव्यात एका धनगर बाईनं हातात कोंबलेली ती पुरचुंडी त्यांनी नुसत्या कुतूहलानं टोकली होती. रीतसर मार्गानं आलेली नाही म्हणून नोंदवहीत घातली नव्हती.

ते कणीस तेव्हाच मोडून टाकायला हवं होतं. त्यांनी ठरलेल्या बापाचे परागकण झटकले, पिशवी घातली आणि ठरलेलं लेबल लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात त्या बियांची रोपं कणसावर आली, तेव्हा प्रत्येक कणसाची मान वाकडी होती, आढ्यावरून खाली डोकावणाऱ्या पोपटासारखी. तशी मान फक्त माळवाकडीची. नेमकी तीच रोपं सगळ्या रानात देखणी होती, आणि त्याच आठवड्यात जोडकार्ड आलं होतं.

‘ती उगवली का? कशी आली?’

खरं लिहावं तर नोंदवही खोटी ठरते. खोटं लिहावं तर कार्ड तळहाताएवढं. एवढ्या जागेत खोटं लपवायला जागा नाही. पिकाचा निकाल लागल्यावर लिहू, असं त्यांनी ठरवलं. निकाल लागला, आणि मग लिहिणं जास्तच अवघड झालं.

आता त्यांनी भित्र्या माणसाला सुचतं तेच केलं. कुणाला न सांगता निस्तरता येईल का, ते पाहिलं. ट्रंकेच्या तळाशी पुरचुंडी होती, लुगड्याच्या काठाचं निळं फडकं. त्यात मूठभर दाणे. ताटलीत ओला कागद पसरून त्यांनी चाळीस दाणे मांडले. चार दिवस ते दर तासाला कागद ओला करत होते, झाकण उचलून बघत होते. एकदा एका दाण्याला टोक फुटल्यासारखं वाटलं, भिंग लावलं तर कोंडा होता. पाचव्या दिवशी दाण्यांवर बुरशी चढली. मग त्यांनी उरलेले दाणे पुन्हा फडक्यात बांधले, पुस्तकातून जोडकार्ड काढलं आणि चप्पल घातली.

शबनमनं सगळं ऐकून घेतलं. कार्ड वाचलं, उलटं केलं, कोऱ्या भागावर अंगठा फिरवला.

“अकरा पानं,” ती म्हणाली.

“हो.”

“सर, मी तुमच्याकडे आले त्या पहिल्या दिवशी लेबल चुकलं म्हणून तुम्ही माझी सात कणसं मोडायला लावली होती. मी रडले होते. तुम्ही म्हणालात, ‘रड, पण मोड.’”

उपळेकरांनी पुरचुंडी टेबलावर ठेवली.

“आणि आठ महिने झाले मी हा बाप शोधतेय! माझी माणसं कर्नाटकातली कोठारं पालथी घालून आली. तुम्ही रोज संध्याकाळी फाटकासमोरून फिरायला जात होतात, सर.”

“पाच दिवसांपूर्वीपर्यंत मला माहीत नव्हतं की तू हे शोधते आहेस.”

“आणि गेले पाच दिवस?”

तिनं पुरचुंडी उचलली आणि प्रयोगशाळेत गेली.

मेलेल्या दाण्यातूनही गुणसूत्रांचे तुकडे वाचता येतात. तिसऱ्या दिवशी करडी पट्टी हिरवी झाली. जोडी शाबूत होती, पहारेकरीही आणि ओरडणाराही.

“पण फाटकी पानं हाती आलीत, पुस्तक नाही,” ती फोनवर म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. “या दोघांना साथ देणारं आणखी काय काय आहे ते जिवंत झाडांतच कळेल, तेही एका नाही, शंभर वेगवेगळ्या झाडांत. उद्या कोळेवस्तीला निघतेय. तुम्ही येताय?”

“माझे गुडघे…”

“गुडघे की तोंड?”

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट त्यांच्या खोलीवर आली. खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली आणि बसली.

“म्हातारी आहे,” ती म्हणाली. “एक्याऐंशी वर्षांची. एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं सुई ओवते. अर्ध्या एकराच्या माळावर माळवाकडी उभी आहे, सर. चहूबाजूंनी जोगीण झोपलीय आणि मधे ही वाकड्या मानेची सगळी फौज उभी! मी बांधावरच मटकन बसले.”

उपळेकरांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“सून म्हणाली, पुढच्या सालापासून तिथं डाळिंब लावायचंय, ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात कापणी, बी म्हणून कणसं ठेवायची नाहीत, सगळं खायला. मी म्हटलं, आजी, सगळं बी आम्हाला द्या, म्हणाल तो भाव देते. तर म्हातारी म्हणाली, ‘लेकी, तू कुठल्या कचेरीतली?’ मी सांगितलं. तशी म्हणाली, ‘उपळेकराच्या?’”

“नाव आठवतं तिला?”

“नाव? मेळाव्याच्या दिवशी तुम्ही कुठल्या रंगाचा सदरा घातला होता ते आठवतं. म्हणाली, ‘मी एवढंच इचारलं व्हतं, उगवली का. हो नाय तर न्हाई. सहा म्हयने पोस्टमनला वाटंत गाठून इचारत व्हते. समदी वस्ती हसली मला. म्हनले, तानूला सायबाचं पत्र येनार हाय, मंडप घाला! आता तू गाडी घेऊन आलीस. बी हाय. पर आधी माझ्या कार्डाचं उत्तर येऊ दे.’”

“तू सांगितलं नाहीस, की उगवली म्हणून?”

“सांगायला गेले. तर म्हणाली, ‘तुला न्हाई इचारलं.’”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शबनमनं टेबलावरचं जोडकार्ड त्यांच्यापुढे सरकवलं.

“लिहा, सर. उद्या माणूस पाठवून पोचवते.”

“तिनं पोस्टमनला विचारलं होतं ना सहा महिने?”

“हो.”

“मग पोस्टमनच्याच हातानं जायला हवं.”

ती पहिल्यांदा किंचित हसली. “तेही म्हणाली ती. ‘पोस्टमन नवा असंल, पर वस्ती जुनीच हाय.’ मला वाटलं, हे तुम्हाला सांगू नये.” मग पिशवीतून तिनं जुनी नोंदवही काढली. “आणि यात काय करायचं, ते तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही.”

उपळेकरांनी ते पान न शोधताच उघडलं. पेन्सिल घेतली आणि ठेवून दिली. मग पेन घेतलं, बापाच्या रकान्यातल्या नावावर एक सरळ रेघ मारली, वर ‘माळवाकडी, तानूबाई बंडगर, कोळेवस्ती’ असं लिहिलं आणि शेजारी त्या दिवसाची तारीख घालून सही केली.

“ती पाटी…” ते म्हणाले.

“हं?”

“ती काढून ठेव. वाचनकक्षाला नाव कशाला लागतं? पुस्तकं असली की झालं.”

जाताना शबनमनं जमिनीवरची पुस्तकं उचलून, होती त्याच क्रमानं पुन्हा खुर्चीवर रचली.

कार्ड लिहायला त्यांना दोन दिवस लागले. कच्च्या कागदावर आधी चार पानं झाली, त्यात बुरशीचं शास्त्र होतं, वाऱ्याची दिशा होती, त्या हिवाळ्यातल्या स्वतःच्या मनःस्थितीचं वर्णन होतं. वाचून पाहिलं तर सगळी स्वतःचीच वकिली. त्यांनी ते फाडलं आणि कार्डाच्या घडीवर नख फिरवून कोरा भाग अलगद सोडवला. एकोणतीस वर्षांनी दोन अर्धी वेगळी झाली. मग लिहिलं :

‘तानूबाई बंडगर यांस नमस्कार. माळवाकडी उगवली. दोन ओळी होत्या, पेरलेला एकही दाणा वाया गेला नाही. काळ्या रानात ती डोक्याहून हातभर उंच झाली, पण मान वाकडीच राहिली. सोनसळ म्हणून ज्या ज्वारीबद्दल माझा सत्कार झाला, तिचा बाप तुमची माळवाकडी आहे. हे मला तेव्हापासून माहीत होते. भीतीने लिहिले नाही. वहीत दुसरे नाव लिहिले होते, ते आता दुरुस्त केले. शबनमबाईंना बी द्यावे ही विनंती. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेवावा.’

खाली बोटभर जागा उरली. ती कोरीच सोडणार होते. मग बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली : ‘कापणीआधी येऊन उभी माळवाकडी बघावी असे वाटते. येऊ का?’

केंद्राच्या फाटकातल्या छोट्या टपाल कचेरीतल्या मुलीनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं.

“आजोबा, हे कुठून काढलंत? यावरचं छापील तिकीट आता चालत नाही.”

“मग?”

“वरून नवी तिकिटं लावावी लागतील. पण पत्ता झाकू देऊ नका हं. कुणाचं अक्षर आहे हे? किती ठळक!”

“ज्यांना जायचंय त्यांचंच,” उपळेकर म्हणाले.

तिकिटं चिकटवताना त्यांनी टपोऱ्या अक्षरांतल्या ‘कोळेवस्ती’चा एक कानाही झाकू दिला नाही. पेटी बाहेर कडुनिंबाखाली होती. रंग उडालेली, तोंडाशी गंजलेली. तिच्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, पुढची वेळ उद्या सकाळी साडेदहा. ते पेटीसमोर उभे राहिले. मागून एकजण मोटारसायकल ढकलत गेला, त्याला आधी जाऊ दिलं. मग कार्ड फटीत सरकवलं आणि अर्ध्यावर थांबले. अजून दोन बोटांत होतं.

समोरच्या रानातून वाळक्या पानांचा खडखडाट आला.

त्यांनी बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. कार्ड तळाला आपटल्याचा आवाज चांगला स्पष्ट आला.